ओळीत बसवलेलं वर्तुळ

रविवारी सकाळी सव्वासहाला बाबांनी आमच्या खोलीचं दार वाजवलं. निघायचं ठरलं होतं साडेसातला. "तुम्हा लोकांना तयारीला वेळ लागतो," ते दारापलीकडून म्हणाले. तुम्ही लोक म्हणजे मी, माझा नवरा आणि आमची कॉलेजात जाणारी लेक. बाहेर येऊन बघते तर स्वारी बूटमोजे घालून, डोक्यावर टोपी चढवून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन हॉलमधल्या खुर्चीत ताठ बसलेली. ब्याऐंशी वय, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि उत्साह मात्र शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा. आठवडाभर बँकेच्या काउंटरवर लोकांची बोलणी खाऊन मला एक रविवार मिळतो. माझं डोकं तिथेच सटकलं.

"चहा तरी घेऊ देणार आहात का?" मी विचारलं.

"घ्या की. मी कुठे नको म्हणतोय? फक्त बसून घेऊ नका."

पिशवीत काय आहे ते मला न बघताच माहीत होतं. मोजमापाची फीत, होकायंत्र आणि ती हिरव्या पुठ्ठ्याची वही. या तीन वस्तूंनी माझं अर्धं बालपण खाल्लंय.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. मी चौथीत असताना सायकलवरून भटकता भटकता त्यांना वारज्याच्या पलीकडे, एका गावाच्या माळावरच्या शेतात दगडांचं वर्तुळ सापडलं. सतरा दगड. कोणी गुडघ्याएवढा, कोणी कमरेएवढा, अर्धे जमिनीत रुतलेले, आणि सगळे मिळून स्वच्छ गोल. हजारो वर्षांपूर्वी लोक आपल्या मेलेल्या माणसांभोवती असे दगड रोवायचे, असं बाबा सांगायचे. ते सांगायचे तेव्हा ऐकायला बरं वाटायचं, नाही असं नाही. पण मग दर रविवारी सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून जायचं आणि उन्हात फितीचं टोक धरून उभं राहायचं, हे माझ्या कपाळी आलं. सगळी कॉलनी टीव्हीपुढे बसलेली असायची आणि मी एका दगडाला टेकून, "ढिली सोडू नकोस, ताण, ताण," ऐकत असायची. एकदा मी कंटाळून टोक सोडून दिलं, तर त्यांनी सगळी मापं पहिल्यापासून घेतली. ओरडले असते तर परवडलं असतं.

वहीत त्यांनी नकाशा काढला. प्रत्येक दगडाला आकडा, उंची, दिशा, दोन दगडांमधलं अंतर. आणि मग सरकारी कार्यालयांना पत्रं लिहायला बसले. पत्रं म्हणजे पोस्टकार्डं. आमचा पिंडच तो, जिथे कार्डावर भागतं तिथे पाकीट कशाला? 'अमुक गावी प्राचीन उभे दगड आहेत. कृपया येऊन पाहावे. तपशील समक्ष भेटीत.' खाली सही. एकाही कार्डाला उत्तर आलं नाही. पुढे मी दहावीला गेले, माझी त्या फितीतून सुटका झाली, आणि काही दिवसांनी बाबांचंही तिकडे जाणं थांबलं. का थांबलं ते घरात दुसऱ्या कोणी विचारलं नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "रोज उठून काय जायचंय? दगड काय पळून जातात?"

आणि या मंगळवारी, चाळीसएक वर्षांनी उत्तर आलं. फोनवर एक संशोधक मुलगी होती. जुन्या फायली चाळताना तिला बाबांचं एक कार्ड सापडलं होतं, त्यावरच्या नावावरून शोधत शोधत ती आमच्या घरापर्यंत पोचली. तिने सरळ सांगितलं. त्या गावातून नवा रस्ता आखलाय. दगड मूळ जागी असतील, तर ती जागा संरक्षित करावी असा अर्ज ती करू शकेल, मग रस्ता बाजूने न्यावा लागेल. हलवलेले असतील तर काही उपयोग नाही. अर्ज सोमवारी द्यायचाय, प्रत्यक्ष बघायला ती नंतर येईल, तोवर ज्यांनी ते दगड पाहिलेत अशा एका माणसाचा शब्द हवाय. आणि असा माणूस तिला एकच सापडला होता.

बाबांनी फोन ठेवला आणि टीव्ही बंद करायला सांगितलं. "आलं बरं का उत्तर," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापरा झाला होता. तसा तो मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकला, पहिल्यांदा आई गेली तेव्हा. म्हणून तर मी रविवार सोडला, नाहीतर मला काय हौस होती साडेसातला निघायची.

निघालो. कोथरूडमधून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. वारजे मागे पडलं आणि बाबांनी रस्ता सांगायला सुरुवात केली. "ओढा आला की उजवीकडे." ओढा आलाच नाही. ओढ्याच्या जागी तेरा मजली इमारत होती. "आता विहीर लागेल, दगडी." विहिरीच्या जागी गाड्या धुवायचं सेंटर.

"आजोबा, मॅप लावते ना मी, चिल," लेक म्हणाली.

"तुझ्या मॅपवर ओढा आहे का?"

"नाहीये."

"मग काय उपयोग त्याचा!"

नवरा मुकाट्याने गाडी चालवत होता. सासऱ्यांसमोर तो नेहमीच असा शहाण्यासारखा गप्प बसतो आणि घरी गेल्यावर मला ऐकवतो. तीनदा वळून, एकदा कोणाच्या तरी बंगल्याच्या अंगणात गाडी घालून, तिथल्या कुत्र्याच्या शिव्या खाऊन आम्ही शेवटी एका कमानीपाशी पोचलो. कमानीवर ताज्या रंगात लिहिलं होतं, 'जागृत देवस्थान'. बाबा म्हणाले, "हे नाही. हे काहीतरी दुसरंच. पुढे घ्या."

पुढे रस्ताच नव्हता.

उतरलो. आत पत्र्याचा मोठा मंडप, चकचकीत फरशी, स्टीलचा कठडा. कठड्यामागे सिमेंटचा लांबलचक ओटा, आणि ओट्यावर सरळ एका ओळीत, शाळेच्या फोटोला उभे केल्यासारखे, दगड. सगळ्यांची डोकी एका उंचीला यावीत म्हणून बुटक्यांच्या खाली जास्त सिमेंट घातलेलं. अंगभर शेंदराचे थर, आणि प्रत्येकाला चांदीचे डोळे.

बाबा कठडा धरून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. "सतरा आहेत," ते म्हणाले.

"पण सर्कल कुठंय?" लेक विचारत होती. "आजोबा, सर्कल कुठंय पण?"

मला जागा ओळखू आली. मंडपाच्या बाजूला, जिथून समोरची टेकडी नेमकी दोन भागांत दिसते, तिथेच मी फितीचं टोक धरून उभी राहायची. तिथे आता रंगीत ठोकळे बसवून गाड्या लावायची सोय केली होती. आमचीच गाडी तिथे उभी होती.

काय सांगू, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चाळीस वर्षांनी एका कार्डाला उत्तर येतं आणि तोवर ही अवस्था? "कोणी केलाय हा गाढवपणा?" मी मोठ्यांदा म्हणाले. मंडपात माझा आवाज घुमला. "जरा कोणाला विचारायची पद्धत असते की नाही? दिसला दगड की फास शेंदूर! यांना अक्कल म्हणून काही?"

"अगं, हळू," नवरा म्हणाला.

"का हळू? मी काय चोरी केलीये?"

तेवढ्यात मंडपाच्या मागून एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा पायजमा, हातात मोबाइल, कपाळाला बुक्का. ही जमीन त्यांचीच, हे मागाहून कळलं. ते बाबांकडे टक लावून बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "मास्तर न्हवं का तुमी? सायकलवालं मास्तर?" आणि खाली वाकून बाबांच्या पायाच पडले.

"आवो मास्तर, तुमच्यामुळं तर ह्ये समदं हाय," ते आमच्याकडे वळून सांगायला लागले. "आमचा बाप ट्रॅक्टर लावून ह्ये दगड उपटाय निघाला व्हता. विहीर बांधायची व्हती त्याला. मी तवा इथंच हुबा. तर मास्तर ट्रॅक्टरम्होरं आडवं झालं. म्हनलं, बाबा रं, ह्ये देव हायेत. हलवशील तर घरावर संकट यील. बाप जो घाबरला! आन् फुडच्या रविवारी मास्तरांनी सोता यून समद्यांना शेंदूर लावला. तवापास्नं पूजा चुकली न्हाय आमची."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा बुटांकडे बघत होते.

"मग हलवलेत कशाला?" नवऱ्याने विचारलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याने कामाचं काही विचारलं.

"तसंच न्हाय हलवलं सायेब," शेतमालक दुखावल्यासारखे म्हणाले. "रीतसर कौल लावला, होम घातला, देवाची परवानगी घ्येतली. गोल बसल्यालं देव, एकाचं त्वांड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. निवद दावायला चिखलातनं फिराय लागायचं. म्हाताऱ्या बाया पडायच्या वो. म्हनून वळीनं बसवलं, पूर्वंला त्वांड करून. सतराच्या सतरा हायेत, एक बी गहाळ केला न्हाय. तुमी मोजा."

त्यांना काय बोलणार? त्या माणसाने कोणाकोणाच्या विटा, सिमेंट, पत्रा मागून आणून, स्वतःची जमीन सोडून देवांना घर बांधलं होतं. आणि आम्हाला चहा सांगायला म्हणून तो लगबगीने घराकडे गेला. माझ्या तोंडून गाढवपणा हा शब्द गेला होता, तो त्याने ऐकला की नाही देव जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग सगळा राग जिथे जायचा तिथे गेला.

"तुम्ही?" मी बाबांना म्हणाले. "तुम्ही लावलात शेंदूर?"

"दुसरा उपाय नव्हता."

"अहो, पण तुम्ही?"

आम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा आईची एकच इच्छा होती. नव्या घरात सत्यनारायण घालायचा. एकच. बाबांनी घालू दिला नाही. "दगडाला शेंदूर फासला की देव होतो म्हणणाऱ्यांतला मी नाही," हे त्यांचं वाक्य, जेवता जेवता, शांतपणे, मीठ वाढ म्हणावं तसं. आई नंतर कधी बोलली नाही. समोरच्यांकडे पूजा असली की मागे दाराशी जाऊन बसायची, आणि शिरा रुमालात घेऊन यायची, तो मला आणि भावाला गुपचूप द्यायची. ती जाऊन चार वर्षं झाली. तिच्या त्या रुमालाला तुपाचा वास यायचा.

हे सगळं मी तिथे, त्या सतरा जोडी चांदीच्या डोळ्यांसमोर, बाबांना ऐकवलं. लेक बाजूला उभी होती, तिच्यासमोर ऐकवलं. "तिला एक पूजा नाही करू दिलीत तुम्ही! आणि इथे येऊन एका दिवसात सतरा देव केलेत? वर त्या बिचाऱ्या शेतकऱ्याला भीती घातलीत, घरावर संकट येईल म्हणून? शोभलं हो तुम्हाला! घरी आम्हाला विज्ञान आणि बाहेर हे धंदे!"

बाबांनी ऐकून घेतलं. कठड्यावरची पकड तेवढी घट्ट झाली. "तिला माहीत होतं," ते म्हणाले.

"कोणाला?"

"तुझ्या आईला. तू दहावीला होतीस तेव्हा. तीच आली होती माझ्याबरोबर. मला शेंदूर कुठे मिळतो ते ठाऊक नव्हतं, कालवायचा कसा ते तर नाहीच. तिने मंडईजवळून आणला. घरून तेल घेतलं. इथे बसून तिनेच कालवला आणि पहिल्या दगडाला तिनेच लावून दाखवला. मला जमत नव्हतं, ओघळत होता."

मी वळून ओळीतल्या पहिल्या दगडाकडे पाहिलं.

"सगळं झाल्यावर तिने हात जोडले," बाबा म्हणाले. "मी तिकडे टेकडीकडे बघत उभा राहिलो. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, आज माझी पूजा झाली."

लेकीने माझा हात धरला. मला रडायला येत होतं आणि राग काही उतरत नव्हता. या माणसाने हे मला चाळीस वर्षांत एकदा सांगू नये? आई असताना तरी सांगावं. मी तिला त्या कारणावरून किती वेळा म्हणाले असेन, तू बोलत का नाहीस बाबांना, तुला कणाच नाही म्हणून. आणि ती नुसती हसायची.

चहा आला. चहाबरोबर शेतमालकांनी विषय काढला. नवा रस्ता. मोजणीवाले येऊन खुणा करून गेले होते, मंडप बरोबर मधोमध जातोय. गावात दोन बैठका झाल्या, कोणाला काही सुचत नाही. बाबांनी त्या संशोधक मुलीचं सांगितलं, तशी म्हाताऱ्याचा चेहराच खुलला.

"मग तर झालंच की मास्तर! तुमी फकस्त म्हना, ह्ये दगड पयल्यापास्नं असंच वळीनं व्हतं. कोन बघाय येतंय? आमच्या गावातलं जुनं मानूस म्हंजी मीच, मी बी तसंच सांगीन."

बाबा म्हणाले, "बघतो." एवढंच. चहा अर्धा ठेवून ते उठले. निघताना शेतमालकांनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी त्यांना देवाचं काही हातात घेताना पहिल्यांदाच पाहत होते.

गाडीत बसलो आणि मी वळून त्यांना म्हणाले, "म्हातारबाबा बरोबर बोलतायत."

"म्हणजे?"

"म्हणजे कार्डावर तुम्ही काय लिहिलं होतंत? उभे दगड आहेत. गोल आहेत असं कुठे लिहिलंय? ते फक्त या वहीत आहे. वही आपल्या घरात. त्या मुलीला सांगा, ओळ होती. ओळीतले प्राचीन दगड. तिचा अर्ज होईल, रस्ता बाजूने जाईल, दगड वाचतील. झालं!"

"मम्मी, दॅट्स अ लाय," लेक म्हणाली.

"तू गप्प बस. माझ्या आईच्या हातचा शेंदूर आहे त्यांच्यावर."

हे बोलले आणि मीच दचकले. आयुष्यभर ज्या दगडांच्या नावाने बोटं मोडली, त्यांच्यासाठी मी बापाला खोटं बोलायला सांगत होते. पण मला ते सतरा दगड जेसीबीने उचलून ट्रकमध्ये टाकलेले बघायचे नव्हते. सहन झालं नसतं मला ते.

वारज्याच्या अलीकडे आम्ही गर्दीत अडकलो. पुढे बस, मागे बस, मधून दुचाकीवाले. बाबांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवून नंबर शोधला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी फोन मोठ्या आवाजात ठेवतात. रविवार असूनही त्या मुलीने पहिल्या रिंगला उचलला.

"सर! जाऊन आलात? आहेत का दगड?"

"आहेत. सतराच्या सतरा."

"मूळ जागी?"

मी मागे वळून त्यांच्याकडे पाहत होते. मान जोरजोराने हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

"नाहीत," बाबा म्हणाले. "गोल होतं. मी स्वतः मोजलंय, मुलीने फीत धरली होती. आता ओळीत बसवलेत, सिमेंटमध्ये. गावाची चूक नाही. ते देव आहेत असं मी त्यांना सांगितलं होतं. लिहून घ्या तसं. माझं नाव घाला."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर, मग मला काही करता यायचं नाही." मग म्हणाली, "तुमच्याकडे नकाशा असेल तर पाठवाल? नोंद करता येईल. नष्ट झालेल्यांच्या यादीत."

"पाठवतो. उद्याच पाठवतो," बाबा म्हणाले आणि फोन बंद केला.

माझा बांध फुटला. "काय मिळवलंत? सांगा ना, काय मिळवलंत? देऊळ जाणार, दगड जाणार, तुमचं नाव खराब होणार! एकदा बोललात ना खोटं त्या दगडांसाठी? मग आणखी एकदा बोलायला काय झालं होतं?"

"तेव्हा दगड वाचवायला बोललो," बाबा म्हणाले, "आणि वर्तुळ घालवून बसलो. आता दगड जातील तर जाऊ देत. पण तिथे गोल होतं, हे सांगायला तयार असलेलं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही गं. तेही मीच नाही म्हणू?"